टेकडी कापू नका, तिच्यावर खूण लावा: मैदान कमिटीला खुलं पत्र

आबा, बापू, कमिटीतली बाकी मंडळी आणि उजाडायच्या आत गाड्या काढून येणारे आपले सगळे मेंबर,

नमस्कार. मीटिंगमध्ये हा विषय निघाला की सगळे एकदम बोलायला लागतात, मग चहा येतो आणि विषय पुढच्या मीटिंगवर जातो, म्हणून लिहून काढतोय. सगळ्यांसमोर लिहितोय कारण हा प्रश्न काही एकट्या आपल्या मैदानाचा नाही, जिथे जिथे चढ-उतारावर गोल्फ खेळतात तिथे हे भांडण आहेच.

विषय सहाव्या होलचा, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतच्या सहाव्या पट्ट्याचा. ज्यांनी आपलं मैदान बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, सातपुड्याच्या पायथ्याशी आबांच्या मुरमाड जमिनीवर नऊ होल आखलेत, भोकाभोवती हिरवळीचे ग्रीन असतात ते नाहीत, ब्राऊन आहेत, म्हणजे रेतीत ऑइल कालवून दाबून केलेलं गोल अंगण, पट, म्हणजे भोकात घालायचा हळू फटका, मारायच्या आधी पोरगं त्यावर पोतं ओढून ते सारखं करून देतं. हिरवळीवर खेळायचं तर पुण्याला जावं, इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि पाणी आधी केळीला लागतं. (खान्देशात गोल्फ म्हटलं की लोकांना नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवतं, जिथे क्रिकेट होतं, सभा होतात, गोल्फ सोडून सगळं होतं. असो.)

तर सहावा होल. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलं की समोर नुसती टेकडी, माथा साधारण शंभर यार्डावर, आणि बॉल जिथे पडायला पाहिजे ती जागा त्याच्या पलीकडे दोनशेच्या आसपास, टीवरून काहीच दिसत नाही. पूर्ण ब्लाइंड शॉट. डावीकडे बाभळी आणि नाला, उजवीकडे शिवाररस्ता. माथ्यावर पहिल्यापासून एक बांबू होता, त्याच्या टोकाला युरियाच्या गोणीचा तुकडा, बांबूच्या अंगावरून मारा म्हणजे बॉल मधोमध, एवढं साधं. तो बांबू दिवाळीच्या आधी काढला. काबरं काढला, तर बाहेरून आलेले एक पाहुणे हसले म्हणे, की गोल्फ कोर्स आहे का ज्वारीचं वावर, बुजगावणं काय लावलंय. झालं, दुसऱ्या दिवशी बांबू गायब.

आता आपल्यात तीन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते खरा खेळाडू असेल त्याला खूण लागत नाही, राहू द्या तसंच. दुसरी पार्टी म्हणते जेसीबी आणा, दोन दिवसात टेकडी साफ, सगळं मोकळं दिसेल. आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर जेसीबी हेच औषध, त्यामुळे या पार्टीत माणसं जास्त आहेत हे मला माहीत आहे. तिसऱ्या पार्टीत मी आणि अजून थोडेजण. आमचं म्हणणं, टेकडी राहू द्या, खूण परत लावा, पण या वेळेस नीट लावा.

पहिले जेसीबीवाल्यांशी बोलतो.

ब्लाइंड शॉट हा काही आपल्या गावठी मैदानाचा दोष नाहीये भाऊ. स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविक म्हणून क्लब आहे, १८५१ चा. पहिली ओपन चॅम्पियनशिप तिथे झाली, १८६० साली, तेव्हा तो बारा होलचा कोर्स होता आणि खेळणारे होते आठ जण. पुढे एकूण २४ वेळा ओपन तिथे झाली, शेवटची १९२५ ला. त्या प्रेस्टविकला आजसुद्धा पाचवा होल पार तीन आहे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, मधे वाळूची भलीमोठी टेकडी, पलीकडचं ग्रीन दिसत नाही, आणि नाव काय तर हिमालयाज! समुद्रकाठच्या वाळूच्या ढिगाला त्यांनी हिमालय म्हटलं, आपल्यामागे अख्खा सातपुडा उभा आहे आणि आपल्याला एका टेकाडाची लाज वाटते. सतराव्याचं नाव आल्प्स, तिथे दुसरा शॉट टेकडीवरून आंधळाच मारायचा, आणि मारून, पट करून पुढे निघालात की घंटा वाजवायची म्हणजे मागच्यांना कळतं रस्ता मोकळा झाला.

हे असले होल झाले कसे, तर तेव्हा जमीन हलवायची मशिनं नव्हती. जशी जमीन तसा खेळ. ओल्ड टॉम मॉरिस हा माणूस प्रेस्टविकचं मैदान सांभाळायचा, त्यानेच आखलं, स्वतः ओपन चार वेळा जिंकला, आणि नंतर गावोगाव जाऊन कोर्स आखून द्यायचा. १८८९ ला उत्तर आयर्लंडमध्ये रॉयल काउंटी डाऊनला गेला, १८९४ ला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लाहिंचला. दोन्हीकडे टेकड्या होत्या, दोन्हीकडे ब्लाइंड शॉट आहेत, आणि दोन्हीकडे खुणा म्हणून पांढरे दगड आहेत. मार्बल नाही, फायबर नाही, चुना लावलेला दगड म्हणा ना. रॉयल काउंटी डाऊन जगातल्या सगळ्यात चांगल्या कोर्समध्ये धरतात, आणि तिथे लांबून आलेला माणूस टीवर उभा राहून टेकडीवरचा पांढरा दगड शोधतो. त्याला कोणी बुजगावणं म्हणत नाही.

लाहिंचची गोष्ट तर मला फार आवडते, जरा थांबून सांगतो. तिथे डेल नावाचा पार तीन आहे, ग्रीन दोन टेकड्यांच्या बेचक्यात लपलेलं, टीवरून झेंड्याचं टोकसुद्धा दिसत नाही. पुढच्या टेकडीच्या अंगावर एक पांढरा दगड ठेवलेला असतो, आणि ग्रीनवर झेंड्याची जागा बदलली की दगडपण सरकवतात. बस इतकंच, दगडाच्या रेषेत मारा, पुढचं नशीब. त्याच्या आधीच्या होलचं नाव क्लॉन्डाइक, तिथे दुसऱ्या शॉटला मोठी टेकडी आडवी येते, तर माथ्यावर माणूस उभा असतो आणि पलीकडे मोकळं झालं की झेंडा दाखवतो. १९२७ ला डॉक्टर अलिस्टर मॅकेन्झीने तो कोर्स नव्याने आखला. हा मॅकेन्झी म्हणजे साधा माणूस नाही, पुढे अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल त्यानेच बॉबी जोन्ससोबत आखला, आणि कोर्स कसा असावा याची जी तेरा तत्त्वं त्याने १९२० मध्ये मांडली त्यात एक असंही आहे की अप्रोच शॉट, म्हणजे ग्रीनवर पोचवायचे फटके, आंधळे मारावे लागणं कमीत कमी असावं. म्हणजे ब्लाइंड शॉटचा तो काही फॅन नव्हता. तरी डेल आणि क्लॉन्डाइक राहिले. २०१९ ला आयरिश ओपन तिथेच झाली, जॉन राम जिंकला, आणि जगातले एकापेक्षा एक प्लेअर त्या न दिसणाऱ्या ग्रीनवर मारून गेले.

(लाहिंचला कोर्सवर बकऱ्या मोकळ्या फिरतात, क्लबच्या चिन्हावरपण बकरी आहे. बकऱ्या क्लबहाऊसजवळ आल्या की पाऊस येणार असं तिथले लोक धरतात. आपल्याकडे बकऱ्या आल्या की आपण आरडाओरडा करतो. तो विषय वेगळा, पण लक्षात ठेवा, बकऱ्यांकडे परत येतोय.)

तर जेसीबीवाल्यांना एवढंच, टेकडी कापली की सहावा होल आपल्या पाचव्यासारखाच सपाट होणार, आणि पाचव्यावर कोणी काय बोलतं मला सांगा? कोणी काहीच बोलत नाही. सहाव्यावर मारल्यावर माणूस गप्प बसत नाही, कॅडीला, म्हणजे बॅग उचलणाऱ्या पोराला, विचारत विचारत चढ चढतो, माथ्यावर पोचला की मान वर करून बघतो, बॉल मधोमध दिसला तर ओरडतो आणि बाभळीत दिसला तर कोणाला तरी शिव्या घालतो. नऊ होलात ही एकच जागा अशी आहे. शिवाय मुरमाची टेकडी कापली तर पावसाळ्यात तिचा गाळ थेट सातव्याच्या ब्राऊनवर येणार हे बापूंना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता त्या पहिल्या पार्टीकडे, म्हणजे खरे खेळाडू.

तुमचा मुद्दा मला माहीत आहे आणि त्यात दम आहे. होल एकदाच आंधळा असतो, दुसऱ्यांदा खेळला की पाठ होतो, आणि जागा पाठ असणं हीपण एक स्किल आहे. मान्य. पण पाठ कोणाला आहे? तुम्हाला आणि मला. आपल्या वार्षिक मॅचला धुळ्याहून, नाशिकहून जे येतात त्यांना नाही, आणि ती मॅच आपण का जिंकतो याचं एक कारण सहावा होल आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त बक्षीस घेताना कोणी बोलत नाही. आता बँकेतल्या ताई खेळायला लागल्यात, शाळेची दोन पोरं येतात, त्यांना काय पाठ? ते अंदाजाने मारतात, आणि अंदाज किती चुकतो बघा. दोनशे यार्डावर एक अंश चूक म्हणजे साडेतीन यार्ड बाजूला. पाच अंश चुकला तर सतरा-साडेसतरा यार्ड, म्हणजे एकतर नाला नाहीतर शिवाररस्ता. आणि हे बॉल अगदी सरळ निघाला तर, आपल्यापैकी किती जणांचा बॉल सरळ निघतो ते जाऊ द्या.

बॉल शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, २०१९ पासून नियम बदललाय, आधी पाच होती. सापडला नाही तर एक स्ट्रोक दंड आणि परत टीवर. बांबू गेल्यापासून सहाव्याच्या टीवर रांग लागायला लागली आहे, मागचे दोन ग्रुप खोळंबतात, ऊन वर येतं, आणि नववा होल खेळता खेळता डोकं तापतं. हे सगळं एका बांबूपायी.

कोणी म्हणतं मोबाईलवर जीपीएस आहे, अंतर मोजायचं लेझर आहे, खूण कशाला. लेझर टेकडीच्या आरपार जात नाही. जीपीएस अंतर सांगेल, दिशापण दाखवेल, पण मारताना नजर कुठेतरी टेकवायला लागते ना, आणि समोर नुसतं पिवळं कुसळ. आणि पलीकडे माणूस आहे का हे तर कुठलंच ॲप सांगत नाही.

कोणी म्हणतं कॅडीला माथ्यावर उभं करू, तो दाखवेल. नियमात कॅडी दिशा दाखवू शकतो पण शॉट मारायच्या आधी त्याने तिथून हटायला पाहिजे. कमिटीने कायमची लावलेली खूण मात्र कोर्सचाच भाग, ती हटवायची गरज नाही. आणि नियम बाजूला ठेवा, एप्रिल-मेच्या उन्हात पंधरा वर्षांच्या पोराला त्या माथ्यावर उभं करून आपण त्याच्या दिशेने बॉल मारणार, हे मला तरी बरं वाटत नाही. क्लॉन्डाइकवर उभा राहणारा मोठा माणूस असतो आणि तिथे असं ऊन नसतं.

खरी गोष्ट आता सांगतो, कारण खेळ सोपा का अवघड यावर मी एवढं मोठं पत्र लिहिलं नसतं. उजवीकडचा शिवाररस्ता. सध्या कापसाची वेचणी चालू आहे, सकाळी सात-आठला बायका डोक्यावर डबे घेऊन त्याच रस्त्याने जातात, आणि बकऱ्यावाले बाबा तर रोजचेच. बांबू काढल्यावर एका पाहुण्याचा बॉल सरळ रस्त्यावर गेला, बकऱ्यांच्या मधे पडला, उडाला आणि बाबांच्या पायाजवळून गेला. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा बाबा बॉल हातात घेऊन उभे होते. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, हाऊ गोया कथाईन येस, आमले काय समजस?" म्हणजे हा गोळा कुठून येतो ते आम्हाला काय कळतं. पाहुण्याला अहिराणी कळली नाही, तो थँक्यू म्हणाला.

बॉलचं वजन नियमाने जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. तेवढ्याने डोकं फुटतं. आपण सावध करायला "फोर" ओरडतो ते टेकडीमुळे पलीकडे नीट पोचत नाही, आणि पोचलं तरी कापूस वेचायला चाललेल्या बाईने फोर ऐकून काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? खूण असली की निदान बॉल डावीकडे राहतो. आणि पलीकडे घंटा असली की मागचा माणूस थांबतो. प्रेस्टविकची आल्प्स आहे ना, तिची नक्कल अमेरिकेत लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्सला तिसऱ्या होलवर केली, तिथेपण घंटा आहे. त्यांनी टेकडी घेतली तर घंटापण घेतली. आपण टेकडी ठेवली आणि होती ती खूणपण काढली.

आता नीट लावायची म्हणजे कशी, कारण जुना बांबूही शंभर टक्के बरोबर नव्हता आणि खऱ्या खेळाडूंच्या पार्टीने हे पकडलं होतं.

खूण शंभर यार्डावर, बॉल पडणार दोनशेवर. आपण टीचे खुंट गवत-माती जपायला इकडून तिकडे सरकवतो. समजा टी सहा यार्ड डावीकडे सरकवली आणि खेळाडूने त्याच बांबूवरून मारलं, तर बॉल मधल्या जागेपासून सहा यार्ड उजवीकडे पडतो, म्हणजे रस्त्याच्या बाजूला. बरोबर मारायचं तर माथ्यावरची खूण तीन यार्ड डावीकडे पाहिजे होती. केळीच्या लागवडीला दोरी धरताना एक खुंटी हलली की पुढची सगळी ओळ तिरकी जाते, तसंच आहे हे. म्हणून प्रेस्टविकच्या हिमालयावर प्रत्येक टीच्या रंगाची वेगळी चकती आहे, ज्या टीवरून खेळताय त्या रंगावरून मारा.

एकच उंच खांब पलीकडे बॉल पडायच्या जागेवर लावला तर टी कुठेही सरकवा, तो बरोबरच दाखवेल, हे खरं आहे. पण टेकडी टीवरच्या माणसाच्या नजरेपेक्षा पंधरा फूट वर असेल तर दोनशे यार्डावरचा खांब नजरेपेक्षा तीस फूट वर निघायला पाहिजे, तेव्हा कुठे त्याचं टोक दिसेल. तीस फुटाचा खांब, आणि आपल्याकडचं जूनचं वादळ, जे उभ्या केळीच्या बागा आडव्या करतं. खांब पहिल्याच वादळात जाईल आणि कोणाच्या तरी अंगावर जाईल.

म्हणून दगड. माथ्यावर दोन दगड, मागच्या टीसाठी चुन्याचा पांढरा आणि पुढच्या टीसाठी गेरूचा लाल. पुरायचे नाहीत, दोघांनी मिळून सरकवता येतील एवढेच घ्यायचे, ज्या दिवशी टी हलेल त्या दिवशी दगडही हलवायचा, त्याची जबाबदारी टीचे खुंट हलवतो त्याच्यावरच. एकाने टीवर उभं राहायचं, एकाने पलीकडे बॉल पडायच्या जागेवर, तिसऱ्याने दगडाशी माथ्यावर. माथ्यावरच्याला दोन्हीकडचं दिसतं, त्याने दोघांना आपल्या रेषेत आणलं की झालं. आणि रेष फेअरवेच्या, म्हणजे टी ते ब्राऊनमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या, अगदी मधोमध नको, दहा पावलं डावीकडे धरा, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचा बॉल उजवीकडे वळतो आणि रस्ता उजवीकडे आहे. डावीकडे गेला तर फार फार तर बॉल जाईल.

घंटेसाठी शाळेत असतो तसला लोखंडी टोल आणि हातोडी, टेकडी उतरून दुसरा शॉट मारून पुढे गेलं की उजव्या हाताच्या लिंबाला टांगलेला. पुढच्या ग्रुपने टोल दिल्याशिवाय मागच्याने मारायचं नाही, आणि ज्याने टोल न ऐकता मारलं त्याला त्या दिवशी सगळ्यांचा चहा. रस्त्याच्या दोन्ही तोंडाला पाटी, मराठीत, "टोल ऐकू आला की बॉल येतो, थोडं थांबा". ती पाटी मैदानाच्या नावाच्या पाटीपेक्षा मोठी असू द्या.

अजून एक, खूण फक्त सहाव्यालाच. काही ठिकाणी बघितलंय, हौसेने दर होलवर खांब, दर वळणावर पाट्या, जिथे सगळं डोळ्यासमोर दिसतं तिथेपण बाण काढलेले. त्याची काही गरज नाही. सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर तर खुणेचं काम हॉटेलच्या पाटीवरच भागतं. तिथे पूर्वी रेल्वेची शेड होती, आता तशीच बांधलेली शेड आहे, तिच्यावर हॉटेलचं नाव लिहिलंय आणि लोक त्या नावातलं एकेक अक्षर धरून वरून मारतात. भुसावळच्या आपल्या रेल्वेवाल्या मेंबरांना हे ऐकून फार आनंद झाला होता. पण म्हणून टेकडीवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लावायची आयडिया कृपया कोणी काढू नये, भाऊंच्या चष्म्यावर नेम धरून ड्राइव्ह मारायची माझी तयारी नाही.

बाकी हँडिकॅप, पार वगैरे बदलायची चर्चा चालू आहे त्यावर मला काही म्हणायचं नाही, दगड लागले तरी सहावा होल अवघडच राहणार, किती लांब मारायचं, वारा किती, मुरमावर बॉल किती घसरत जाणार, हे दगड सांगत नाही.

येत्या रविवारी खेळ झाल्यावर मी चुना, गेरू आणि दोरी घेऊन थांबतोय. दगड नाल्यात भरपूर आहेत, उचलायला चार जण लागतील, जेसीबी पार्टीतली माणसं तब्येतीने बरी आहेत त्यांनी यावं. बकऱ्यावाल्या बाबांनाही बोलावलंय, टोल कुठपर्यंत ऐकू येतो ते त्यांनाच रस्त्यावर उभं करून विचारू. आणि जेसीबीवाल्याला ॲडव्हान्स देऊन झाला असेल तर त्याच्याकडून नवव्याच्या मागची चारी साफ करून घ्या, तिच्यात पावसाळ्यापासून पाणी तुंबलंय.

तुमचाच,
सहाव्यावर रांगेत उभा राहणारा एक मेंबर